आरोग्यसेवेतील इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचे मानकीकरण आणि खर्चबचतीचा दावा : गडहिंग्लज परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

रुग्णालयीन खर्चाचा विचार करताना औषधे, शस्त्रक्रिया, तपासण्या आणि डॉक्टरांचे शुल्क या बाबी प्रथम लक्षात येतात. त्यांच्याबरोबर आणखी एक खर्च होत असतो. मात्र तो रुग्णाच्या बिलात स्वतंत्रपणे लिहिलेला नसतो. रुग्ण एखाद्या योजनेस किंवा विम्यास पात्र आहे का हे तपासणे, उपचारांपूर्वी मंजुरी मागणे, कागदपत्रे जोडून दावा दाखल करणे, त्यावर निघालेल्या शंकांना उत्तरे देणे आणि जमा झालेली रक्कम कोणत्या दाव्याची आहे याचा मेळ घालणे, ही सर्व कामे माणसांना करावी लागतात व त्यांना वेळ लागतो. या कामांवर होणारा खर्च म्हणजे आरोग्यसेवेचा प्रशासकीय खर्च होय.

हा खर्च कमी करण्याचा उपाय म्हणून गेली सुमारे तीस वर्षे एक सूत्र मांडले जात आहे. सर्व व्यवहार संगणकावर आणावेत आणि त्यांचा नमुना सर्वांसाठी एकच ठेवावा, हे ते सूत्र. भारतात २०२१ मध्ये देशभर सुरू झालेले ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ आणि त्याला जोडून उभे राहिलेले ‘नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंज’ यांनी हेच सूत्र स्वीकारले आहे. प्रस्तुत लेखात या सूत्राची चिकित्सा केली आहे. नमुना एक झाल्याने माहिती पाठविण्याचा खर्च कमी होतो, हे मान्य करावे लागते. परंतु प्रशासकीय खर्चाचा मोठा भाग माहिती पाठविण्यात होत नाही, तो तिच्यावर निर्णय घेण्यात होतो. निर्णयाचे नियम वेगवेगळे ठेवून केवळ नमुना एक केला, तर होणारी बचत पैसे देणाऱ्या मोठ्या संस्थेच्या पदरात पडते आणि वाढलेले श्रम लहान रुग्णालयाच्या वाट्याला येतात. गडहिंग्लजसारख्या सीमेवरील तालुक्याच्या ठिकाणी हे विशेष स्पष्टपणे दिसते.

मानकीकरणाची संकल्पना :

आरोग्यसेवेतील मानकीकरण तीन पातळ्यांवर होऊ शकते. पहिली पातळी नमुन्याची. दाव्याच्या अर्जात कोणते रकाने असावेत, ते कोणत्या क्रमाने असावेत आणि एका संगणकातून दुसऱ्या संगणकात ते कोणत्या स्वरूपात जावेत, हे येथे ठरते. दुसरी पातळी शब्दांची. एकाच आजाराला आणि एकाच शस्त्रक्रियेला सर्वांनी एकच संकेतांक वापरावा, हा तिचा आशय आहे. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची दहावी आवृत्ती, म्हणजे ‘आयसीडी-१०’, हे याचे परिचित उदाहरण होय. तिसरी पातळी नियमांची. कोणत्या उपचारासाठी कोणती कागदपत्रे लागतील, मंजुरी किती वेळात मिळेल, शंका किती वेळा काढता येतील आणि दावा कोणत्या कारणाने नाकारता येईल, हे या पातळीवर ठरते.

धोरणविषयक चर्चेत या तिन्ही पातळ्यांना मिळून ‘मानकीकरण’ असे एकच नाव दिले जाते. त्यामुळे पहिल्या पातळीवरील यश तिसऱ्या पातळीवरील यश म्हणून गणले जाण्याचा संभव निर्माण होतो. या सूत्राचा सर्वांत दीर्घ आणि सर्वांत अधिक मोजला गेलेला प्रयोग अमेरिकेत झाला असल्याने प्रथम त्याचा विचार करणे आवश्यक ठरते.

अमेरिकेतील अनुभव :

१९९० च्या दशकात अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक दाव्यांचे सुमारे ४०० वेगवेगळे नमुने प्रचलित होते. १९९६ च्या ‘हेल्थ इन्शुरन्स पोर्टेबिलिटी अँड अकाउंटेबिलिटी अ‍ॅक्ट’ या कायद्याने, ज्याला ‘हिपा’ म्हटले जाते, प्रशासकीय सुलभीकरणाची स्वतंत्र तरतूद केली. पात्रतेची चौकशी, पूर्वमंजुरी, दावा, दाव्याची स्थिती आणि रक्कम अदा केल्याची सूचना अशा व्यवहारांसाठी ठरावीक नमुने अनिवार्य करणारा नियम ऑगस्ट २००० मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत सुमारे ३० अब्ज डॉलरची निव्वळ बचत होईल, असा तेथील शासनाचा अंदाज होता. अंमलबजावणीची मुदत ऑक्टोबर २००२ होती. ती एक वर्षाने वाढवून १६ ऑक्टोबर २००३ करण्यात आली.

या प्रयत्नाला यश आले नाही असे म्हणता येणार नाही. तेथील ९० टक्क्यांहून अधिक वैद्यकीय दावे आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जातात. मात्र त्याच कायद्याखाली नमुना ठरविलेल्या पूर्वमंजुरीच्या व्यवहाराची स्थिती वेगळी आहे. अलीकडच्या वर्षांत पूर्वमंजुरीचे साधारण तिसरा हिस्सा व्यवहारच ठरावीक नमुन्यात पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाले. उरलेले दूरध्वनी, फॅक्स आणि प्रत्येक विमा कंपनीच्या स्वतंत्र संकेतस्थळावरून झाले. दावा हा मुख्यतः माहितीचा व्यवहार आहे, तर पूर्वमंजुरी हा मुख्यतः निर्णयाचा. नमुन्याने पहिला सुकर केला, दुसरा तसाच राहिला.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. नमुना एक झाल्यानंतर अनेक विमा कंपन्यांनी त्याच नमुन्यातील रकाने कसे भरावेत याच्या आपापल्या मार्गदर्शिका काढल्या. कायद्याने एक केलेली गोष्ट व्यवहारात पुन्हा अनेक झाली. म्हणूनच २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्यात नमुन्यांच्या जोडीला ‘कार्यनियम’ आणण्याची तरतूद करावी लागली.

एकूण खर्चाचे आकडेही विचार करायला लावणारे आहेत. वूलहँडलर, कॅम्पबेल आणि हिमेलस्टीन यांच्या २००३ मधील अभ्यासानुसार १९९९ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यखर्चातील ३१ टक्के वाटा प्रशासनाचा होता. कॅनडात तो १६.७ टक्के होता. याच अभ्यासकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार २०१७ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे ३४.२ आणि १७ टक्के होते. नमुने एक करण्याची मोहीम ज्या काळात पूर्ण झाली, त्याच काळात अमेरिकेतील प्रशासनाचा वाटा वाढला. या वाढीचे मुख्य कारण खासगी विमा कंपन्यांचा वाढता व्यवस्थापन खर्च हे होते, असे त्यांनी दाखविले. यावरून मानकीकरणाने खर्च वाढला असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. मात्र पैसे देणाऱ्यांची संख्या आणि त्यांचे स्वतंत्र नियम कायम असताना केवळ नमुन्याची एकरूपता एकूण खर्च आटोक्यात ठेवू शकत नाही, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

महाराष्ट्रातील वाटचाल :

भारतात विमा दाव्यांचे काम पाहणाऱ्या त्रयस्थ प्रशासकांना, म्हणजेच ‘टीपीएं’ना, २००१ च्या विनियमांनी स्थान दिले. २०१३ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने पूर्वमंजुरीचा व दाव्याचा समान नमुना ठरवून दिला. दाव्याच्या नमुन्याचा ‘अ’ भाग विमाधारकाने आणि ‘ब’ भाग रुग्णालयाने भरावयाचा अशी त्याची रचना होती. नमुन्याच्या पातळीवरील मानकीकरण आपल्याकडे अशा रीतीने क्लेम्स एक्स्चेंजच्या कितीतरी आधी सुरू झाले होते.

महाराष्ट्र शासनाने १९९७ मधील जीवनदायी योजनेच्या पुढची पायरी म्हणून २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती कोल्हापूरसह उर्वरित जिल्ह्यांत लागू झाली आणि २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना असे झाले. पूर्वमंजुरीपासून दाव्यापर्यंतचे काम ऑनलाइन करणे हे या योजनेचे आरंभापासूनचे वैशिष्ट्य होय. रुग्ण आणि संगणक यांच्यामध्ये ‘आरोग्यमित्र’ हा दुवा ठेवण्याची तरतूदही तिच्यात होती. संगणकीय व्यवहाराला माणसाची जोड लागते, हे येथे प्रारंभीच ओळखले गेले होते.

१ एप्रिल २०२० पासून ही योजना केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडण्यात आली. तरीही दोन्हींचे नियम भिन्न राहिले. राज्य योजनेतील कुटुंबाला वार्षिक दीड लाख रुपयांचे संरक्षण आणि ९९६ उपचार, तर केंद्रीय योजनेतील कुटुंबाला पाच लाखांचे संरक्षण आणि १२०९ उपचार लागू होते. केंद्रीय योजनेतील दाव्याचा दीड लाखापर्यंतचा भाग विमा कंपनीकडे आणि त्यापुढील भाग राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे जात असे. रुग्ण एक, शस्त्रक्रिया एक, पण पैसे देणारे दोन, अशी ही स्थिती होती.

२०२३ च्या शासन निर्णयाने दोन्ही गटांना पाच लाखांचे संरक्षण आणि १३५६ उपचार समान केले, तसेच राज्यातील सर्व कुटुंबांना योजनेत सामावून घेतले. त्याची अंमलबजावणी २०२४ मध्ये सुरू झाली. प्रशासकीय खर्चाच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. शिधापत्रिकेचा रंग पाहून पात्रता ठरविणे आणि हा उपचार या कुटुंबाला लागू आहे की नाही हे शोधणे, ही कामे या निर्णयाने मोठ्या प्रमाणावर अनावश्यक केली. हे नियमांच्या पातळीवरील मानकीकरण होय. त्यासाठी नव्या संगणकप्रणालीपेक्षा धोरणात्मक निर्णयाची गरज होती.

गडहिंग्लज परिसरातील चित्र :

हिरण्यकेशीच्या काठी वसलेले गडहिंग्लज हे तालुक्याचे ठिकाण असले तरी आजरा व चंदगड भागांतील रुग्णांचीही येथे ये-जा असते. उपजिल्हा रुग्णालयाबरोबरच कमी खाटांची अनेक खासगी रुग्णालये येथील आरोग्यसेवेचा भार वाहतात. पुढील उपचारांसाठी रुग्णासमोर कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा अशा तीन दिशा असतात. त्यांपैकी दोन दिशांना राज्याची सीमा ओलांडावी लागते. संकेश्वर तर अगदी जवळ आहे, पण ते कर्नाटकात.

अशा गावातील रुग्णालयाच्या खिडकीशी दिवसभरात येणारे रुग्ण वेगवेगळ्या व्यवस्थांचे लाभार्थी असतात. कोणी जन आरोग्य योजनेतील शेतकरी, कोणी २००३ पासून चालू असलेल्या ‘ईसीएचएस’ योजनेतील माजी सैनिक, कोणी मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या कंपनीच्या सामूहिक विम्यात समाविष्ट असलेले वृद्ध आई-वडील, तर कोणी राज्य शासनाचा कर्मचारी. या शेवटच्या रुग्णाला आधी पैसे भरून नंतर प्रतिपूर्तीचा प्रस्ताव सादर करावा लागतो आणि त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडून बिलांची पडताळणी करून घ्यावी लागते. या प्रत्येक व्यवस्थेची कागदपत्रांची यादी, दर आणि मुदती स्वतंत्र आहेत. उद्या हे सर्व दावे एकाच एक्स्चेंजमधून गेले, तरी त्या खिडकीमागील कर्मचाऱ्याला या सर्व याद्या लक्षात ठेवाव्याच लागतील.

सीमेच्या प्रश्नाने यात आणखी भर पडते. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतील लाभार्थ्याला देशातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात उपचार घेता येतात. तथापि त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार राज्यांतर्गत दावा १५ दिवसांत, तर परराज्यातील दावा ३० दिवसांत निकाली काढावयाचा आहे. दोन्ही दाव्यांतील संदेश संगणकावरून सारख्याच वेगाने जातो; वाढलेले १५ दिवस दोन राज्यांच्या यंत्रणांनी निर्णय घेण्याचे आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना फुले योजनेचा लाभ देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कर्नाटकाने त्यास विरोध केला. एकाच रुग्णावर दोन राज्ये अधिकार सांगत असतील, तर तो प्रश्न कोणत्याही नमुन्यातील रकान्याने सुटणारा नाही.

नावांचा प्रश्न किरकोळ वाटला तरी व्यवहारात तो तसा राहत नाही. मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलते. शिधापत्रिकेवर सासरचे नाव देवनागरीत, आधारपत्रावर माहेरचे नाव रोमन लिपीत, अशी स्थिती असू शकते. सीमेपलीकडील माहेरच्या नोंदी कन्नडमध्ये असतात. माणसाला ही एकच स्त्री आहे हे सहज कळते. संगणकाला त्या दोन व्यक्ती वाटतात. हा विसंवाद दूर करण्यासाठी मारावे लागणारे हेलपाटे हा प्रशासकीय खर्चच आहे. मात्र तो रुग्णाच्या नातेवाइकांच्या बुडालेल्या मजुरीत जमा होत असल्याने कोणत्याही हिशेबात येत नाही.

बचतीच्या दाव्याची चिकित्सा :

मानकीकरणातून होणारी बचत कोणाची, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. त्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. समजा, संगणकप्रणाली, तिची देखभाल आणि ती चालविणारा प्रशिक्षित कर्मचारी यांचा खर्च दरमहा ३०,००० रुपये आहे. महिन्याला ६०० दावे करणाऱ्या मोठ्या रुग्णालयास तो प्रत्येक दाव्यामागे ५० रुपये पडेल, तर महिन्याला १० दावे करणाऱ्या लहान रुग्णालयास ३,००० रुपये. शहरातील रुग्णालयाची कर्मचारी संख्या कमी करणारी व्यवस्था गावातील रुग्णालयाला नवा कर्मचारी नेमायला लावू शकते. सरासरी खर्च कमी झाल्याचे आकडे खरे असूनही हे घडू शकते.

याची जाणीव अमेरिकेतही ठेवण्यात आली होती. मेडिकेअरचे दावे इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच स्वीकारण्याचे बंधन घालताना २५ पेक्षा कमी पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या संस्था आणि १० पेक्षा कमी कर्मचारी असलेले डॉक्टर यांना २००१ च्या कायद्याने सूट दिली होती. भारतात १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या डिजिटल आरोग्य प्रोत्साहन योजनेत रुग्णालयांसाठी किमान १० खाटांची अट ठेवण्यात आली. ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज, तीच सर्वांत लहान रुग्णालये या अटीमुळे बाहेर राहतात.

दुसरा मुद्दा माहितीच्या सत्यतेचा आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालात प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतील सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांची नोंद ‘९९९९९९९९९९’ या एकाच भ्रमणध्वनी क्रमांकावर झाल्याचे आढळले. नमुन्याच्या दृष्टीने या नोंदीत दोष नाही; रकाना दहा अंकांचा आहे आणि त्यात दहा अंक भरलेले आहेत. ज्याला माहिती भरावयाची आहे त्याला तिचा उपयोग दिसत नसेल, तर अनिवार्य रकाना केवळ भरण्यापुरता भरला जातो, हा याचा अर्थ. अशा माहितीच्या आधारे पुढे होणारी पडताळणी खर्च वाढविणारीच ठरते.

तिसरा मुद्दा ‘यूपीआय’शी केल्या जाणाऱ्या तुलनेचा आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने पैशांची देवघेव जशी सोपी केली, तसेच आरोग्यदाव्यांच्या बाबतीत घडेल, असे सांगितले जाते. या तुलनेत एक मूलभूत भेद दुर्लक्षिला जातो. यूपीआयमध्ये पैसे द्यावयाचे हा निर्णय देणाऱ्याने आधीच घेतलेला असतो. यंत्रणा तो केवळ पोहोचविते. आरोग्यदाव्यात पैसे द्यावेत की नाही, हाच वादाचा विषय असतो. तेथे देणाऱ्याचे हित विलंबात आणि नकारात असू शकते. ज्याला द्यावयाचे नाही, त्याच्यापर्यंत मागणी लवकर पोहोचल्याने पैसे लवकर मिळतीलच असे नाही.

मानकीकरणाच्या समर्थकांचा एक युक्तिवाद मात्र विचारात घ्यावा लागतो. सर्व व्यवहार एका नमुन्यात आल्यावर कोणती विमा कंपनी किती शंका काढते, किती दावे नाकारते आणि किती दिवस लावते, हे मोजता येते. कागदी व्यवहारात ते शक्य नव्हते. हा लाभ खरा आहे. परंतु तो आपोआप मिळत नाही. मोजलेले आकडे प्रसिद्ध करण्याचे आणि त्यांवर कारवाई करण्याचे बंधन असेल, तरच तो रुग्णालयापर्यंत व रुग्णापर्यंत पोहोचतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या परिपत्रकात रोकडविरहित उपचारांची मंजुरी एका तासात आणि रुग्णाला घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत देण्याचे बंधन घातले. ही निर्णयाच्या वेळेची मर्यादा असल्याने तिचा परिणाम थेट खाटेवर वाट पाहणाऱ्या रुग्णावर होतो. या दिशेचे पाऊल म्हणून ते स्वागतार्ह आहे.

निष्कर्ष व सूचना :

वरील विवेचनावरून असे दिसते की, इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचे मानकीकरण ही खर्चबचतीची आवश्यक अट आहे, पुरेशी अट नाही. नमुना एक करणे हे तांत्रिक काम आहे आणि ते तुलनेने सोपे आहे. नियम एक करणे हे सत्ता आणि हितसंबंध यांच्याशी निगडित काम असल्याने ते मागे राहते. बचतीचा दावा मात्र दोन्हींच्या नावे केला जातो.

या दृष्टीने पुढील बाबींचा विचार व्हावा. एक, प्रत्येक उपचारासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी सर्व शासकीय योजना व विमा कंपन्यांसाठी समान असावी. दोन, एका दाव्यावरील सर्व शंका एकाच वेळी काढण्याचे बंधन असावे. तीन, मंजुरी, नकार आणि विलंब यांचे आकडे रुग्णालयाच्या खाटांच्या संख्येनुसार वेगळे करून प्रसिद्ध व्हावेत. सरासरीच्या आकड्यात लहान रुग्णालयांची स्थिती दिसत नाही. चार, परराज्यातील दाव्यांसाठी सीमावर्ती जिल्ह्यांपुरती तरी स्वतंत्र व जलद निर्णयव्यवस्था असावी. पाच, लहान रुग्णालयांसाठी तालुका पातळीवर सामाईक दावा केंद्र उभारले जावे.

या शेवटच्या सूचनेला कोल्हापूर जिल्ह्याच्या अनुभवाचा आधार आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा सहकारी दूध संघाने, म्हणजे ‘गोकुळ’ने, एक-दोन जनावरे असलेल्या शेतकऱ्याला स्वतःचे शीतकरण यंत्र घ्यायला लावले नाही. गावोगावचे थोडे थोडे दूध एकत्र करून त्याने स्थिर खर्च सर्वांमध्ये विभागला आणि दूध मोजण्याची व दर ठरविण्याची पद्धतही सर्वांसाठी एक ठेवली. गडहिंग्लजमधील दहा-पंधरा लहान रुग्णालयांचे दावे एकाच केंद्रातून प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी हाताळले, तर प्रत्येक दाव्यामागील खर्च मोठ्या रुग्णालयाच्या जवळपास आणता येईल. त्याखेरीज विमा कंपनीशी बोलताना एकट्या डॉक्टरला नसलेले बळ अशा केंद्राला असेल.

आरोग्यसेवेतील मानकीकरणाचे यश किती व्यवहार संगणकावर आले यावरून मोजण्याची सध्याची पद्धत म्हणूनच अपुरी आहे. तालुक्याच्या गावातील लहान रुग्णालयाला एका दाव्यासाठी किती वेळ द्यावा लागला आणि रुग्णाच्या नातेवाइकांना किती हेलपाटे घालावे लागले, हे तिच्या जोडीला मोजले गेले पाहिजे. हे दोन आकडे कमी होतील, तेव्हाच खर्च कमी झाला असे म्हणता येईल. तोपर्यंत तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेला, इतकेच म्हणणे रास्त ठरेल.